पाहुण्यांनी फिरवलेली पिन

झेंडूच्या हाराचा वास आला की माझं डोकं फिरतं. अंबरनाथ एमआयडीसीजवळच्या मैदानावर आमची तिरंदाजीची स्पर्धा होती. सराव संपला आणि उद्घाटनाचा बाण सोडायला सरांनी माझंच धनुष्य गळ्यात झेंडूचा हार घातलेल्या पाहुण्यांच्या हातात दिलं, तेही मला न विचारता. "हे कशाला असतं?" म्हणत पाहुण्यांनी नेम धरायची पिन फिरवली. महिनाभर बाण मारून मारून मी ती जागेवर आणली होती. मी सरांवर भडकले, तर म्हणाले, "अगं, पाहुणे आहेत ते. अ‍ॅडजस्ट कर ना." तेवढ्यात शिट्टी झाली आणि माझे पहिले तिन्ही बाण टार्गेटच्या वरून गेले. पाहुणे तोवर गाडीत बसले होते. आता बदलापुरात मीच मुलींना शिकवते. उद्घाटनाला पाहुण्यांच्या हातात फीत कापायची कात्री देते, आणि तीही लगेच काढून घेते.