एकतीसपैकी सत्तावीस

मेंदूविकार विभागात तिला सगळे आकडेबाई म्हणायचे. म्हणोत बापडे. दिवसभर रुग्णांचे तक्ते संगणकात भरायचे आणि बेरजा करून मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या, एवढंच तिचं काम. पण सहा वर्षं तिच्या पोटात काय जळत होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तपासणीचा तक्ता मोठ्या डॉक्टरांनीच बनवलेला. एकतीस प्रश्न, एकतीस गुण. पंचवीसच्या वर गेला की माणूस कामावर जायला मोकळा. तिच्या ड्रायव्हर दादाला मेंदूचा झटका आला, तेव्हा त्याला सत्तावीस मिळाले. दादा मुलखाचा बडबड्या. नाव सांगा, वार सांगा, उलटे आकडे म्हणा, सगळ्यात पैकीच्या पैकी. डावीकडचं मात्र त्याच्या ध्यानातच येईना. ताटातलं उजवीकडचं तेवढं खायचा. त्याबद्दल अख्ख्या तक्त्यात एकच प्रश्न. कामावर परतल्याच्या चौथ्या दिवशी त्याने गाडी डावीकडच्या भिंतीत घातली. पाय गेला तो गेलाच, वर चौकशीत मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलं, 'माझ्या तपासणीत ठणठणीत होता. प्यायला असावा.' दादाने जन्मात दारूला हात लावला नव्हता.

हे शब्द त्यांच्याच घशात घालायचे, असं तिने त्या दिवशी ठरवलं.

सुट्ट्यांच्या दिवशी ती संख्याशास्त्र शिकली. तेराशे जुने तक्ते काढून कुठल्या प्रश्नांचे गुण एकमेकांबरोबर वरखाली होतात ते पाहत बसली, आणि बिंग फुटलं. चौदा प्रश्न घुमवून फिरवून एकच विचारत होते, बोलता येतं का. बडबड्या माणसाला एकाच गोष्टीचे चौदा गुण! तिने चौदाचे दोन केले. छाटत छाटत नऊवर आली. डाव्या बाजूचा प्रश्न कशाशीच जुळेना. नवशिक्याने तोच आधी उडवला असता. तिने ठेवला, कारण ती गोष्ट दुसरा कुठलाच प्रश्न विचारत नव्हता. वर नियम घातला, त्यात शून्य असेल तर बेरीज कितीही होवो, कामावर पाठवायचं नाही.

विभागाच्या बैठकीत नवा तक्ता पाहून मोठे डॉक्टर खूश. "आकडेबाई, माझ्या तक्त्याला धार आणलीत."

"मग ह्या नियमाने एक जुना तक्ता तपासून दाखवा ना, सर. सगळ्यांसमोर."

नाव आणि सही तिने पट्टी चिकटवून झाकली होती. डॉक्टरांनी चष्मा लावला. "धंदा ड्रायव्हर. डावी बाजू शून्य. शेरा, कामावर जायला मोकळा. ह्याला गाडीवर पाठवला? कुठल्या गाढवाने सही केली?"

तिने पट्टी सावकाश सोलली. सगळ्यांनी सही वाचली, मोठ्या डॉक्टरांचीच. मग तिने कोरा कागद पुढे सरकवला. "तो प्यायला नव्हता, एवढं लिहून द्या."

त्यांनी लिहिलं आणि खाली सही केली. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. माफ मात्र तिने केलं नाही.

घरी दादाने तो कागद घेतला आणि नेहमीसारखा ओळींचा उजवा अर्धाच वाचला. "ह्यात काय आहे गं?"

तिने कागद त्याच्या उजवीकडे सरकवला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. दादाने ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली.