जाऊबाईंचा एप्रन

माझ्या थोरल्या जाऊबाई बावीस वर्षं बेकरीत केक करतायत. दुपारी दोनला घरी येतात. आल्या की आधी दाराबाहेर एप्रन झटकतात, खिसे उलटे करतात, चपला घासतात, मगच आत. आमच्या कुत्र्याला, भुऱ्याला, तोवर दम निघत नाही. दाराआड नुसता नाचत असतो.

भुऱ्याला आणला माझ्या नवऱ्याने, आंघोळ घालते मी, फिरवते मी. आणि झोपतो मेला जाऊबाईंच्या पायाशी! माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

त्यात त्या मला बजावायच्या, "त्याला गोडधोड काही देऊ नकोस गं." मला वाटायचं, ही यांची चलाखी. दिवसभर केकमध्ये वावरतात, पण कुत्र्यासाठी हातून एक मनुका सुटत नाही, आणि दुसऱ्यानेही देऊ नये! म्हटलं, बघतेच आता. एका सकाळी मूठभर काळ्या मनुका त्याच्यापुढे धरल्या. गड्याने हात चाटूनपुसून लख्ख केला आणि दुपारपर्यंत माझ्याच मागेमागे फिरला. मी हवेत होते.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. जाऊबाईंनी त्याला उचलून दवाखान्यात पळवलं, मी मागोमाग.

"उलटीत मनुका दिसतायत," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्यांना हे विष. मूत्रपिंडं निकामी होतात. किती खाल्ल्या?"

जाऊबाई रडायलाच लागल्या. "माझ्याच एप्रनमधून एखादी पडली असेल. आमच्या मालकांचा कुत्रा असाच गेला हो, म्हणून तर रोज एवढी झटकते मी!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. पण एक मनुका की मूठभर, यावर त्याचा जीव होता.

"मूठभर," मी म्हणाले. "मी दिल्या."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तीन दिवस सलाईन लागलं, भुऱ्या वाचला. घरी आणला तेव्हा जाऊबाई नुकत्याच कामावरून येऊन दारात बसल्या होत्या. त्यांना ओलांडून तो थेट माझ्याकडे आला आणि माझी मूठ हुंगू लागला. मी ती उघडून दाखवली. रिकामी होती, तरी चाटत राहिला. मला रडू फुटलं.

"तुझाच झाला गं तो आता," जाऊबाई म्हणाल्या. तो आवाज मी चांगला ओळखते, इतके दिवस माझाच होता. मग त्या एप्रन झटकायला बाहेर गेल्या. तो त्यांनी मघाशीच झटकला होता.