राहिलेली एक दुरुस्ती

ती बातमी दिगंबरअण्णांनी लिहिलेलीच नव्हती.

आज सकाळी अण्णा गेले. दुपारपासून व्हॉट्सॲपवर सगळे त्याच बातमीचं कात्रण फिरवताहेत. 'निर्भीड पत्रकार', 'हात मोडला पण लेखणी नाही' वगैरे.
अण्णांनी लाल पेनानं यातलं निम्मं उडवलं असतं.

बीदरला जुन्या बसस्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्यांचं साप्ताहिक होतं. चार पानी, मराठी.
एक कॉम्प्युटर, तीन खुर्च्या. त्यातली एक फक्त नको असलेल्या पाहुण्यांसाठी, कारण तिचा पाय निखळलेला.

तिथं कामाला मी मुडबीहून बसनं यायचे. नुकतीच बी.ए. झालेली, डोक्यात नुसती हवा.

अण्णा आधी कन्नड पेपर वाचायचे, मग उर्दू. मग सुसला मागवायचे आणि चुरमुरे चावत विचारायचे,
"हां अक्का, आता सांग. गावाकडं काय चालू हाय?"

त्यांचं अक्षर इतकं भयानक की लिहिलेलं टाइप करायला मीच लागायचे. "तुमच्यापेक्षा डॉक्टरांचं अक्षर बरं," असं म्हटलं की खूश व्हायचे.

बातमीखाली नाव कुणाचंच नसायचं. फक्त 'वार्ताहर'. मी एकदा हट्ट धरला.
"नाव कामून पाहिजे तुला? लोकं बातमी वाचतेत, आपल्याला न्हाई."

मग ती बातमी मिळाली.
एका वस्तीसाठी आलेली नळाची पाइपलाइन तिथल्या एका पुढाऱ्याच्या उसात वळवली होती. वस्तीत नुसत्या कोरड्या तोट्या.
मी तीन दिवस तिथं गेले. बायका बोलल्या, मी फोटो काढले. तोवरच्या आयुष्यात इतकं चांगलं मी काही लिहिलं नव्हतं.

गुरुवारी अंक आला. पहिल्या पानावर माझी बातमी. खाली 'वार्ताहर' नव्हतं.
खाली होतं: दिगंबर बिरादार.

"अण्णा, ही माझी बातमी हाय!"
"व्हय."
"मग?"
"च्या पी."

मी चहा प्यायले नाही. बॅग उचलली आणि निघाले. मैत्रिणींना सांगितलं, म्हातारा चोर निघाला.

चौथ्या दिवशी भर दुपारी पेट्रोल पंपावर चौघांनी अण्णांना स्कूटरवरून ओढलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. लोक मोबाईलवर शूटिंग करत उभे होते.
अण्णांनी पोलिसांना चौघांचीही नावं सांगितली. त्यातले दोघे पुढं निवडणुकीत पुढाऱ्याच्या जीपमध्ये दिसले.

कळताच मी दवाखान्यात धावले. तिथं अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, मला बाजूला घेतलं.
"अंक छापायच्या आदल्या दिवशी त्या पुढाऱ्याकडनं फोन आला होता, लेकी. 'ती मुडबीची पोरगी लिहायलीय म्हणं, खरं का?' हे म्हणले, 'न्हाई, मी लिहायलोय. उद्या नाव बघा की.'"

मी तिथंच व्हरांड्यात बसून रडले. त्यांना चोर म्हटल्याची जेवढी लाज वाटली, तेवढी आजवर कशाचीच वाटली नव्हती.

अण्णा पलंगावरून हसले. "रडायलीस कामून? माझं अक्षर तसंबी कुणाला लागत न्हाई. तुझा हात शाबूत पाहिजे."
मग हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नको. मी हाय तवर तरी."

महिन्याभरात त्या वस्तीच्या तोट्यांना पाणी आलं. अण्णांचा हात मात्र वाकडाच बसला.
अक्षर होतं तसंच राहिलं.

आज संध्याकाळी अण्णांच्या मातीहून परतताना चौकात फ्लेक्स दिसला. अण्णांचा छोटा फोटो, आणि हात जोडलेल्या त्याच पुढाऱ्याचा मोठा. 'निर्भीड पत्रकारास भावपूर्ण श्रद्धांजली.'
अंगाची आग झाली.

अण्णांचा एक नियम होता. चूक छापली गेली की पुढच्या अंकात, त्याच पानावर दुरुस्ती. आता पुढचा अंक निघणार नाही. म्हणून इथं.

दुरुस्ती:
त्या बातमीखाली छापलेलं नाव बरोबर नव्हतं. बातमी मी लिहिली होती.
सुजाता कांबळे, मुडबी.

पोस्ट पब्लिक ठेवली आहे. ज्यांना वाचायची त्यांनी वाचावी.

अण्णा, त्या दिवशीचा चहा मी प्यायला हवा होता.

जावा निवांत. आता फोन आला तर मी उचलते.