रिकाम्या डब्यातली साखर

शिकवणीत किस्से साचतात ते पंख्यावरच्या धुळीसारखे. पुसायला गेलं की सगळे आपल्याच डोक्यावर! बमरोली या कामगार वस्तीत देवळाच्या हॉलमध्ये मी दर रविवारी मोठ्या माणसांना दहावीचं गणित शिकवतो. एका जागी बसणं मला जमत नाही. फळ्यापासून दार, दारापासून फळा. "सर, आधी तुम्ही तर बसा!" असं गणपतराव दर रविवारी ऐकवतात.

गणपतराव बीडचे, कापड विणायच्या लूमवर कामाला. रेखाताई शिरपूरच्या, साड्यांवर खडे चिकटवतात. त्या गणितात दोनदा नापास. बालवाडीच्या बाईंनी त्यांना शब्द दिला होता, "दहावी झालीस की मदतनीस म्हणून ये." या वेळी पास झाल्या नाहीत तर जागा दुसरीला जाणार. त्यांच्यापेक्षा माझाच जीव टांगणीला!

*

पहिला धडा रिक्त संचाचा. मी माझा जेवणाचा डबा धुऊन समोर ठेवला. "डबा म्हणजे कंस. आत काही नाही. झाला रिक्त संच!" रेखाताईंना म्हटलं, घरी न्या, समोर ठेवून सराव करा.

पुढच्या रविवारी डबा परत आला. तळाशी चिमूटभर साखर!

"अहो, हा रिक्त संच होता ना?"

"सर, कुणाचा डबा रिकामा परत देतात का!"

चाचणीतही तेच. रिक्त संचाच्या कंसात रेखाताईंनी शून्य लिहिलेलं. "तेवढं तरी असू द्या सर, मोकळं बरं नाही दिसत." मी वैतागून ओरडलो, "मार्क जाईल!" आणि डबा पुन्हा त्यांच्याच हातात दिला.

*

"सगळ्यात लहान नैसर्गिक संख्या कोणती?"

"लाभ!" गणपतराव म्हणाले.

त्यांच्या घरी धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. मी म्हटलं, "पेपर तपासणारा बीडचा नसतो हो!"

"नसंल, पण त्याच्या घरी धान्य तर येत असंल की!"

*

संचात तोच घटक पुन्हा लिहीत नाहीत, हे सांगायला मी गणपतरावांची शिदोरी घेतली. भाकरी, भाकरी, भाकरी, ठेचा. "संचात घटक दोनच. भाकरी आणि ठेचा."

गणपतरावांनी शिदोरी पटकन जवळ ओढली. "सर, त्या संचाला माझ्या घरी जेवायला आणू नका!"

*

परीक्षेच्या दिवशी मी पर्वत पाटिया भागातल्या केंद्राबाहेर चहावर चहा पीत फेऱ्या मारत होतो. रेखाताई बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना.

"कसा गेला पेपर?"

"डबा तुमचा माझ्याकडेच राहिलाय. निकालाला देते." एवढं बोलून रिक्षात बसल्या! मला निकालापर्यंत धड जेवण गेलं नाही.

*

निकालाच्या दिवशी त्या हॉलमध्ये आल्या आणि गुपचूप डबा पुढे केला. मी झाकण उघडलं. आत काहीच नाही. साखरेचा कणसुद्धा नाही! गेली जागा.

"असाच ठेवला सर, पेपरातला कंस. मोकळा." त्या म्हणाल्या. "मी पास व्हयनू!"

गणपतराव टाळ्या पिटत ओरडले, "मग पेढे कुठायत?"

रेखाताईंनी पिशवीतून पुडा काढला. मी तो डब्यात ओतायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"त्यात नको सर, मार्क जाईल!"