राणीसाहेबांचं पापलेट

"आदी डोला बग, मंग बोल."

टोपली दारात उतरवली की ती एक पापलेट उचलून थेट माझ्या नाकासमोर धरायची. मासे खाणाऱ्यांना हे सांगायला नकोच. ताज्या माशाचा डोळा फुगीर असतो, शिळ्याचा आत बसतो. मला मात्र ती दर खेपेला नव्याने शिकवायची. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, तरी तिच्या लेखी मला बघता येत नव्हतं.

ती वर्सोव्याची कोळीण. अंधेरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पंधरा वर्षं येत होती. सोसायटीच्या सेक्रेटरीपासून माझ्या म्हाताऱ्या आईपर्यंत सगळ्यांना 'तू' म्हणायची, मला 'मास्तर तू'.

एकदा माझं ओलं चित्र बघून म्हणाली, "माज्या घरी पन हाय. राणीसायबानं काडलेला." कॅलेंडर असेल असं समजून मी हसलो. वर्षभर ती 'ये बगायला' म्हणत राहिली. शेवटी एका रविवारी गेलो.

फ्रिजच्या वर, नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोशेजारी ते टांगलं होतं. जुनं तैलरंगातलं स्थिरचित्र. तांब्याचं ताट, त्यात एक पापलेट, दोन लिंबं, बाजूला चुरगळलेला पंचा. कोपऱ्यात मोडीत सही. कुठल्याशा छोट्या संस्थानच्या राणीसाहेब हवापालटाला वर्सोव्याच्या बंगल्यात येऊन राहायच्या आणि तिची आजी त्यांना मासे पोचवायची. जाताना राणीसाहेबांनी हे चित्र आजीला दिलं होतं. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. ती चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघत बसली. तिचा चेहरा फुलला होता.

पुढे जुन्या काळच्या स्त्री-चित्रकारांचं एक प्रदर्शन भरणार होतं. मी शब्द टाकला, चित्र घेतलं गेलं. तिने चादरीत गुंडाळून माझ्या हातात दिलं, म्हणाली, नीट परत आण. चित्राखाली मालकाचं नाव घालायचं का, असं आयोजकांनी विचारलं. 'खासगी संग्रह' लिहा, असं मीच सांगितलं. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत मी चित्राबद्दल दोन पानं लिहिली. माशाच्या आत बसलेल्या डोळ्यात राणीसाहेबांना मृत्यूची चाहूल कशी दिसली, यावर त्यातलं एक पान होतं.

उद्‍घाटनाला ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. ठेवणीतलं लुगडं, अंगावर होतं नव्हतं ते सोनं, अंबाड्यात वेणी. मी चार पाहुण्यांना त्या डोळ्याबद्दलच सांगत होतो.

"मास्तर, डोला बसलाय तो शिला झाला म्हनून," ती मागून मोठ्याने म्हणाली. "तीन दिस रंगवीत व्हती ती. आजी रोज नवा पापलेट न्यायची, पन राणीसायब म्हनली..."

कोणीतरी हसलं. माझे कान तापले. मी तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं आणि इथे असं मोठ्याने बोलत नाहीत, असं दबल्या आवाजात सांगितलं. पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं, "या कोण?"

"आमच्याकडे मासे घेऊन येतात," मी म्हणालो.

खोटं काहीच नव्हतं. तिने ते ऐकलं. चित्राकडे एकदा बघितलं आणि पदर सावरत निघून गेली.

पुढच्या बुधवारी बेल वाजली. मी माफी मागायची असं ठरवून दार उघडलं. तिने टोपली उतरवली आणि विचारलं, "काय देऊ तुमाला?" मी अर्धा डझन बोंबील घेतले. त्यानंतर दोन वर्षं ती येत राहिली, दोन वर्षं मी 'तुमी' होतो. माफी राहिली ती राहिलीच.

गेल्या माघात ती गेली. आठ दिवसांनी मला कळलं. भेटायला गेलो तर सुनेने ओळखलं, बसायला खुर्ची दिली. चित्र जागेवर होतं. तिची शाळकरी नात शेजारी उभी राहून मला न्याहाळत होती.

"सर, या चित्राची कायतरी गोष्ट होती ना?" सून म्हणाली. "राणीसाहेब सासूबाईंच्या आजीला काय म्हणाल्या ती. आम्ही विचारलं की सासूबाई म्हणायच्या, सरांना सांगितलीय, त्यांना विचारा. पोरीला तेवढी सांगा ना."

नात माझ्या खुर्चीजवळ सरकली आणि वाट बघू लागली.