रामटेकचा चढ आणि मायनसचं बटण

सिंधूताई गभणेंना कुणी "कशा आहात?" विचारलं, की त्या "कोणत्या बाबतीत?" असं उलट विचारत. गणिताच्या बाई. त्यांचे यजमान रेल्वेत होते आणि घरी फार कमी बोलत. बोललं की पुरावा मागतात, अशी त्यांची तक्रार होती म्हणे. मी ऐकलेलं सांगतोय, पुरावा माझ्याकडंही नाही.

महाल भागातल्या आमच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, म्हणजे दुसऱ्यांच्या भानगडी पाहायला मला भरपूर वेळ असायचा. शहाऐंशी साली एका सरकारी योजनेतून शाळेत कॉम्प्युटर आला. त्याआधी त्या खोलीत नकाशे आणि तुटके बाक असत. आता तिथं पडदे लागले, कूलर बसला, दाराबाहेर चपला काढायची पाटी आली. हेडमास्तर मनोहररावांच्या मंडळींनी भरतकाम करून यंत्राला झूलही शिवली, तिच्यावर दोन मोर. खोलीला कुलूप. कुलपाची चावी मनोहररावांच्या शर्टाच्या आतल्या खिशात, वर सेफ्टी पिन. पाहुणे आले की मोर बाजूला सारून त्यांना यंत्र दाखवत, आणि पाहुणे टीव्हीच आहे असं समजून मान डोलवत.

सिंधूताई त्याचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. आलेखावरचे कोणतेही दोन बिंदू सांगा, प्रत्येकाचा आधी आडवा आकडा, मग उभा; यंत्र त्यातून रेघ काढून दाखवणार आणि खाली तिचा चढ किती ते लिहिणार. फळ्यावर एक रेघ काढेपर्यंत अर्धा तास जातो, मुली फक्त उतरवून घेतात. इथं आकडा बदलला की रेघ लगेच मान वळवते. मुलींनी स्वतः आकडे बदलून पाहावेत, एवढीच बाईंची हौस होती. मनोहरराव म्हणायचे, शंभर पोरींची बोटं लागली तर यंत्र महिनाभर टिकायचं नाही.

शेवटी त्यांनीच तोड काढली. दसरा झाला की शिक्षण खात्याचे महादेवराव शाळा पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर बाईंनी नववीचा तास घ्यावा. फळ्यावर होत नाही असं काही या यंत्रावर होतं, हे दिसलं तर खोली रोज उघडी राहील. नाहीतर मोर पुन्हा पांघरून टाकू.

बाईंचा धडा ठरलेला होता. चढ शिकवताना त्या वर्षानुवर्षं रामटेकचं उदाहरण देत. गडाच्या पायऱ्या चढता तेव्हा प्लस, उतरता तेव्हा मायनस. मुलींना ते इतकं पाठ होतं, की सहलीला गेल्यावर उतरताना त्या "मायनस, मायनस" म्हणत उड्या मारायच्या. वर चढणारी रेघ आधी, मग मायनसचे आकडे टाकून उतरणारी, असा बेत होता. मुलींकडून तो दोनदा घोटून घेतला होता.

पण मध्ये खंडेनवमी आली.

त्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा होते. सुतार पटाशी मांडतो, रिक्षावाला हँडलला हार घालतो. मनोहररावांनी त्या वर्षी शाळेची घंटा, प्रयोगशाळेचा तराजू आणि कॉम्प्युटर असे तीन देव मांडले. झूल काढली. हळद, कुंकू, झेंडू, आणि हात सैल सोडून अक्षता. मी मागं उभा होतो. अक्षता की-बोर्डवर टपटप पडल्या तेव्हा सिंधूताईंनी डोळे मिटले. भक्तीनं नव्हे. पूजेला बसलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नसतं आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुटी, त्यामुळं ते सुरू करून पाहायचं कुणालाच जमलं नाही. तपासणीच्या सकाळी बाईंनी वरून झटकून पुसलं तेवढंच.

महादेवराव आले. दाराशी बूट काढताना त्यांचा मोजा अंगठ्याशी फाटलेला दिसला, म्हणून पूर्ण तासभर ते एका पायावर दुसरा पाय ठेवून उभे होते. चढणारी रेघ झकास निघाली. मग बाईंनी मायनसचं बटण दाबलं. ते खाली जाईना. पुन्हा दाबलं. खाली तांदळाचा दाणा अडकला होता, भोवती कुंकवाचा गिलावा.

"फक्त चढच आहे का यात?" महादेवरावांनी विचारलं. "उतरायचं असेल तर?"

मनोहरराव खिशावरची पिन चाचपू लागले. मला वाटलं, संपलं. बाईंचा चेहरा मी पाहिला नाही, पाहवला नाही असं म्हणा.

मागच्या बाकावरून गोपिका उठली. हिच्या मामाची धानाची शेती रामटेकच्या टेकडीमागं. पहिल्या दिवसापासून तिची एकच कुरकुर होती, की मामाच्या घरून पाहिलं तर गडाचा चढ उलट्या बाजूला दिसतो. बाई तिला दर वेळी खाली बसवत. आज बसवायला काही कारण उरलं नव्हतं.

"बाई, मायनस कायले पाहिजे? डावा बिंदू वर ठेवू, उजवा खाली."

बाईंनी तिला पुढं बोलावलं. गोपिकानं दोन आणि आठ, मग आठ आणि दोन दाबलं. रेघ डावीकडून वरून निघाली आणि उजवीकडं घरंगळत खाली आली. आणि खाली चढ किती, तर मायनस एक. जे चिन्ह आम्हाला दाबता येत नव्हतं, ते यंत्रानं आपणहून छापलं होतं.

महादेवराव दोन्ही पायांवर उभे राहिले, मोजा विसरले. "आता उलटं करा. खालचा बिंदू आधी सांगा. म्हणजे आपण खालून वर चाललो. प्लस यायला हवं."

गोपिकानं उलटं केलं. रेघ तीच. मायनस एक.

बाईंचंच रामटेक बाईंवर उलटलं होतं. सूत्र त्यांना पाठ होतं, पण सूत्राची आणि त्या पायऱ्यांची गाठ त्यांनी कधी घालून पाहिली नव्हती. मग बाईंनी काय करावं? साहेबांसमोर, हेडमास्तरांसमोर, मुलींकडं वळून विचारलं, "आता हे काहून झालं गं?"

"पायऱ्या त्याच ना बाई," गोपिका म्हणाली. "वर जाणारा असो की खाली येणारा, त्याच्यानं टेकडी थोडीच बदलते. मामाच्या घरून पाह्यलं तर बदलते."

त्यानंतर तास राहिला नाही. मुली की-बोर्डला अशा चिकटल्या जशा सीताबर्डीवर बांगड्यांच्या हातगाडीला. आडवी रेघ काढा, अजून झोपवा, आता उठवा. महादेवराव मधेच एक आकडा सांगत आणि मुली त्यांना "थांबा न सर" म्हणत. टेबलावरचे तर्री पोहे गार झाले. ते कुणी संपवले हे इथं सांगायची गरज नाही.

जाताना महादेवराव मात्र एवढंच म्हणाले, की खोलीचं काय करायचं ते तुमच्या हेडमास्तरांनी ठरवावं. मनोहररावांनी कुलूप लावलं, पिन लावली आणि काहीच ठरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आणि सिंधूताई व्हरांड्यातून चाललो होतो, तर कॉम्प्युटरच्या दाराबाहेर एकच जोडी चपला. ओळखीच्या. आत मनोहरराव एकटे, मोर जमिनीवर पडलेले. आम्हाला पाहून ते खुर्चीतून उठले.

"मी काही नाही केलं, बाई. फक्त एकदम उभा चढ काढून पाहत होतो. भिंतीसारखा. तर हे बंदच पडलं."

पडद्यावर रेघ नव्हती. शून्यानं भागता येत नाही, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ होती. कोणते आकडे दाबले ते बाईंनी विचारलं. चार आणि एक, चार आणि नऊ.

"बिघडलं नाही सर. त्याले जमून नाही राहिलं."

"काहून नाही जमत? भिंत तर असते न?"

बाई हसल्या. असं हसताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं, त्यांच्या यजमानांनीही पाहिलं नसावं. त्या म्हणाल्या, आत्ताच सांगत नाही, उद्या नववीच्या तासाला बसा, मुलींनाही अजून माहीत नाही.

मनोहररावांनी बराच वेळ ती ओळ पाहिली. मग शर्टात हात घालून पिन काढली आणि चावी टेबलावर, की-बोर्डच्या शेजारी ठेवली. बाईंनी तीच पिन उचलली आणि मायनसखालचा तांदूळ टोकरायला बसल्या.

पुढच्या खंडेनवमीला मनोहररावांनी पूजा केली ती कुलपाची. अक्षता किल्लीच्या भोकात गेल्या, पण त्यानं कुणाचं काही अडलं नाही.