पॅंट हरवल्याची सूचना

भोंग्यावर सूचना झाली : "एक पॅंट हरवली आहे. रंग खाकी, मागं चौकोनी ठिगळ. सापडल्यास मंडपात आणून द्यावी." आणि मी, सौसरचा सगळ्यात परोपकारी पोट्टा, वाकून सतरंजीवर ती शोधायला लागलो. नववीत होतो. मागं हशा फुटला तेव्हा हात मागं गेला. ठिगळ माझंच होतं.

नवरात्रातला शारदेचा मंडप. तिथली रीत अशी, की कोणीही बिननावाची चिठ्ठी माईकवाल्याला द्यावी, त्यानं ती वाचावी. बैल हरवला, चप्पल हरवली. त्या वर्षी पोट्ट्यांनी चिठ्ठ्यांतून चिडवायला माणसं धरली. भोंग्याचं तोंड आमच्या बौद्ध मोहल्ल्याकडं. भाकरी थापता थापता मायनंही ऐकलं. पाटलाच्या संत्र्याच्या बगीच्यात ती राबली, मजुरी मागितली, तर हातावर ही पॅंट ठेवली होती. पाटलाच्या पोराची उतरलेली. तो माझ्याच वर्गात.

मायनं शाळेत जाऊन तक्रार केली. गुरुजींनी छळ मोजायचं ठरवलं. पाटलाचा पोरगा पुढच्याच बाकावर. गुरुजी म्हणाले, "भोंग्यावरून ज्याला ज्याला चिडवलं, त्यानं हात वर करा."

चिडवलेले कमी नव्हते. पोरींच्या रांगेत पुढं माझी बायको झालेली पोरगी होती, तीही मान खाली घालून. वर गेला तो माझाच हात. दुसरा पॅंटवर.

गुरुजींनी फळ्यावर एक लिहिला. "एकच? मग हा छळ नाही. गंमत आहे."

त्या आकड्याकडं पाहत राहिलो. आत काहीतरी पेटलं, ते अजून विझलं नाही.

संध्याकाळी मंडपात गेलो. चिठ्ठी नाही नेली. माईकच ओढला.

"सूचना आयका बे! पॅंट सापडली. माह्या अंगावर हाय. माह्या मायच्या मजुरीची हाय. पाटलाच्या पोराले पायजे असन, तर समोर येऊन काढून न्यावी."

कोणी आलं नाही. माईकवाल्यानं माझ्या कानाखाली वाजवली, तीही भोंग्यावर साऱ्या गावानं ऐकली. पाटलाचा पोरगा सतरंजीवर वाकून बसला होता. जसं काही त्याचंच हरवलं होतं.

परवा हे मी घरात हसत हसत सांगून राहिलो होतो. बाहेर त्याच मंडपाचा भोंगा. पाटलाचा पोरगा आता मंडळाचा अध्यक्ष. बायको हसली नाही.

"माह्यावरही सूचना झालती. शिळी भाकर हरवली, पोरीच्या दप्तरात पाहा. गुरुजीनं इचारलं तवा म्या हात मांडीखाली दाबला."

तिनं पदर खोचला.

"उठा जी. चप्पल घाला. माहा हात वर कराचा राह्यला हाय. माईक मी धरते."